पुसणारे पगारी, जपणारे चोर

१६ जून १९६६, गुरुवार. बीटल्स लंडनला बीबीसीच्या स्टुडिओत आले, ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या गाण्यांच्या कार्यक्रमासाठी ‘पेपरबॅक रायटर’ आणि ‘रेन’ ही दोन गाणी केली आणि निघून गेले. त्या कार्यक्रमाच्या स्टुडिओत चौघं स्वतः हजर राहिले ते एवढ्या एकाच वेळी. कार्यक्रम लाखो घरांत दिसला. नंतर बीबीसीने टेप पुसली.

पुढे पन्नासहून जास्त वर्षं त्यातलं काहीच हाती नव्हतं. २०१९मध्ये ११ आणि ९२ सेकंदांचे दोन तुकडे मिळाले. एक लिव्हरपूलच्या एका कुटुंबाकडून. त्या संध्याकाळी घरातल्या कुणीतरी चावीचा ८ मिलिमीटरचा कॅमेरा टीव्हीच्या काचेसमोर धरला होता. आवाज नाही, चित्र थरथरतं. पण बीटल्स त्या दिवशी रेकॉर्डवर फक्त ओठ हलवत होते, त्यामुळे मुक्या चित्राला मूळ गाण्याशी जुळवता येतं. दुसरा तुकडा मेक्सिकोतल्या एका संग्राहकाकडे निघाला. लंडनमध्ये झालेला कार्यक्रम, बनवणारी संस्था लंडनची आणि तुकडा मेक्सिकोत! शोधणाऱ्यांच्या चिकाटीला हात जोडावेत तेवढे थोडे.

टेप का पुसली, याची कारणं ठरलेली आहेत आणि ती खोटी नाहीत. दोन इंच रुंदीची व्हिडिओ टेप तेव्हा फार महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत होती. कलाकारांच्या आणि वादकांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे कार्यक्रम मनाला येईल तेवढ्या वेळा पुन्हा दाखवता येत नसे. १९६९च्या नोव्हेंबरात बीबीसी वन रंगीत झालं आणि कृष्णधवल टेपांची किंमत आणखी उतरली. एवढं सगळं मान्य. पण कारण आणि समर्थन यांत फरक आहे. टेप पुसायला माणूस नेमलेला होता. ‘ही पुसू नका’ असं म्हणायला कुणीच नेमलेलं नव्हतं. १९७८च्या सुमारास बीबीसीने जतनाची रीतसर व्यवस्था लावली, तोवर ‘टॉप ऑफ द पॉप्स’च्या साठच्या दशकातल्या शेकडो भागांपैकी बोटांवर मोजण्याइतके उरले होते. १ जानेवारी १९६४चा पहिलावहिला भागही गेला. मँचेस्टरमधल्या एका जुन्या चर्चमध्ये थाटलेल्या स्टुडिओत तो झाला होता आणि रोलिंग स्टोन्स त्यात होते. चंद्रावर माणूस उतरला त्या रात्री, जुलै १९६९मध्ये, पिंक फ्लॉइडने बीबीसीच्या स्टुडिओत बसून ऐनवेळी सुचेल तसं वाजवलं. आवाज उरला, चित्र नाही.

सगळा काळच तसा होता, असं कुणी म्हणेल. मग मुंबईचं उदाहरण घ्या. जानेवारी १९६८मध्ये बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन मुंबईला एचएमव्हीच्या स्टुडिओत आला. ‘वंडरवॉल म्युझिक’साठी त्याने आपल्याकडच्या वादकांकडून वाजवून घेतलं. शिवकुमार शर्मा आणि आशिष खान या अल्बमवर आहेत. तिथेच ‘द इनर लाइट’चं वाद्यसंगीतही झालं. त्यातला एक न वापरलेला टेक २०१४मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी, अल्बमच्या नव्या आवृत्तीत लोकांना ऐकायला मिळाला. म्हणजे त्याच माणसाचा, त्याच दशकातला, बाजूला ठेवलेला टेकसुद्धा रेकॉर्ड कंपनीने सांभाळला. टेप तिथेही महागच होती. पण कंपनीला ठाऊक होतं की हा माल उद्याही विकला जाईल. टीव्हीवाल्यांच्या लेखी कार्यक्रम दाखवून झाला की संपला. प्रेक्षकाला तो पुन्हा बघावासा वाटेल, हेच त्यांच्या मनात आलं नाही. माझा राग टेपच्या हिशेबावर नाही, प्रेक्षकाच्या या किमतीवर आहे.

आता जपणाऱ्यांचं काय झालं ते बघा.

जॉन हेनशॉल हा बीबीसीचा कॅमेरामन. ३ जानेवारी १९७३ला डेव्हिड बोवीने ‘टॉप ऑफ द पॉप्स’साठी ‘द जीन जिनी’ गायलं तेव्हा तो कॅमेऱ्यावर होता. मत्स्यनेत्री भिंगाचा स्वतःचा प्रयोग त्याने त्यात केला होता, म्हणून आपलं काम दाखवायला त्याने एक प्रत मागून घेतली. ती दोन इंची टेप त्याच्याकडे ३८ वर्षं राहिली. इतरांकडेही असेलच, अशी त्याची समजूत होती. कुणाकडेही नव्हती. २०११च्या डिसेंबरमध्ये ती पुन्हा पडद्यावर आली. बोवी त्यात खरोखर गातोय, बँड खरोखर वाजवतोय आणि मध्येच बोवी माउथ ऑर्गनवर बीटल्सच्या ‘लव्ह मी डू’चा तुकडा वाजवून जातो. रेकॉर्डवर हे नाही. टेप गेली असती तर ती लहर कायमची गेली असती.

हेनशॉलचं निभावलं. बॉब मंकहाउसचं बघा. हा इंग्लंडचा लोकप्रिय विनोदवीर आणि टीव्हीवरचा सूत्रसंचालक. सिनेमाच्या रिळांचा नादिष्ट संग्राहक, आणि घरी व्हिडिओ रेकॉर्डर ही चैन होती तेव्हापासून कार्यक्रम टिपून ठेवणारा. चित्रपट वितरकांना फसवण्याचा कट केल्याच्या आरोपावरून १९७९मध्ये त्याला ओल्ड बेलीच्या न्यायालयात उभं केलं गेलं. तो निर्दोष सुटला. २००३मध्ये तो वारला आणि पुढे त्याचा संग्रह उघडला, तेव्हा कायमचे गेले असं धरलेले कार्यक्रम त्यात सापडले. ज्यांनी पुसलं त्यांच्यावर कधी खटला झाला नाही.

खटल्याच्या या भीतीने किती डबे आजही माळ्यावर दडून आहेत, कोण सांगणार? आणि चुंबकीय टेप थांबत नाही. तिच्यावरचा थर चिकट होतो, सुटायला लागतो. पिंक फ्लॉइडच्या ‘सी एमिली प्ले’ची १९६७मधली एक घरगुती टेप ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटपर्यंत पोहोचली आणि जानेवारी २०१०मध्ये दाखवलीही गेली, पण तोवर चित्राची पार दुर्दशा झाली होती. बँडचा गायक सिड बॅरेट त्या रेघारेघांतून शोधावा लागतो.

चाहत्यांमध्येही एक जात आहे, तिलाही सुनावलं पाहिजे. हाती दुर्मीळ रीळ आहे, पण दाखवायचं नाही. ‘फक्त माझ्याकडे आहे’ यातच सुख मानायचं. बीबीसीने गाणं पुसलं आणि तुम्ही कुलपात कुजवलं, तर ऐकणाऱ्याच्या दृष्टीने फरक काय उरला? संग्राहक म्हणवून घ्यायचा हक्क वाटणाऱ्याला आहे, साठवणाऱ्याला नाही.

बीबीसीने २००१मध्ये ‘ट्रेझर हंट’ नावाने लोकांना हरवलेल्या कार्यक्रमांसाठी आवाहन केलं होतं, हे चांगलंच झालं. पण आवाहनाने भीती जात नाही, कागदाने जाते. मूळ टेप कुठून आली हे विचारणार नाही, कारवाई करणार नाही, स्वच्छ केलेली प्रत देणाऱ्याला परत देऊ आणि कार्यक्रमाच्या शेवटी त्याची इच्छा असेल तर नाव झळकवू, एवढं सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावं आणि कायम लागू ठेवावं. आणि ज्यांच्या घरी असं रीळ किंवा टेप असेल त्यांनी ती ‘चालते का बघू’ म्हणून जुन्या यंत्रावर मुळीच लावू नये. थर सुटत असेल तर पहिल्याच फेरीत चित्र खरवडून निघेल. जाणकाराच्या हाती द्या, आणि याच वर्षी द्या.