किंमत पर्सनलवर

बोरिवलीच्या एका काकूंनी रात्री पावणेअकराला बागप्रेमींच्या ग्रुपवर जास्वंदीचा फोटो टाकला. कळ्यांवर पांढरा कापूस, पानं आकसलेली, खाली 'काय करू?' आणि तीन रडके चेहरे. अंधेरीपासून मुलुंडपर्यंतचे बाकीचे सभासद त्या वेळी झोपलेले तरी असतात, नाहीतर रील बघत पडलेले. जागे असतात ते फक्त दादा. दोन मिनिटांत उत्तर येतं, 'काकू, घाबरू नका. पिठ्या ढेकूण आहे. माझ्याकडेही आला होता.'

दादांकडे सगळं येऊन गेलेलं असतं. मावा, बुरशी, कळ्या गाळणारा मोगरा, खालच्या मजल्यावरच्यांची गळतीची तक्रार, सगळं. आणि सगळ्यावर त्यांना इलाज सापडलेला असतो, तोही नेमका गेल्याच महिन्यात.

ग्रुपचा चौथा नियम ठळक अक्षरांत आहे: 'जाहिरात चालणार नाही.' दादांनी तो कधीच मोडलेला नाही. ते फक्त सकाळी आपल्या मोगऱ्याचा फोटो टाकतात. कुंडीमागे कठड्यावर एक बाटली असते आणि तिचं लेबल बरोबर कॅमेऱ्याकडे बघत असतं. तासाभरात कुणीतरी विचारतं, 'दादा, ती बाटली कसली?' (विचारणारा दादांचा मेहुणा असतो, असं एक कांदिवलीकर म्हणतात. पण ते कुणाबद्दलही काहीही म्हणतात.) दादा संकोचतात. 'अहो, निंबोळी तेल आहे. घरच्यापुरतं आणलं होतं, मित्रांनी आग्रह केला म्हणून थोडं जास्त मागवलं.' केवढ्याला? 'इथे नको, नियम आहे. किंमत पर्सनलवर.' नियमाची इतकी बूज खुद्द ॲडमिन राखत नाहीत.

पण तेल हे नुसतं दाराशी ठेवलेलं पायपुसणं. खरा धंदा आत, कोकोपीटमध्ये. २०१७ साली महापालिकेने मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं, तेव्हा उपनगरात खताचे ड्रम आले. २०२०च्या टाळेबंदीत खिडक्यांच्या ग्रिलमध्ये कुंड्या आल्या. खत होतं, कुंडी होती, नव्हती ती माती. आणि मातीची गोणी लिफ्टमध्ये चढवायची म्हणजे वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांची समजूत काढणं आलं. तिथे दादांची पाच किलोची वीट अवतरली. पिशवीतून गुपचूप वर न्यायची, टबात टाकून पाणी ओतायचं, की साठ-सत्तर लिटर भुसभुशीत माल तयार. वजनाला हलका, दिसायला छान आणि पोषणाच्या नावाने शंख! म्हणजे गांडूळखत आलं. गांडूळखताच्या मागोमाग निंबोळी पेंड आली. पानं पिवळी पडली की एप्सम सॉल्ट. वीट एकदाच विकावी लागते, तिची भूक दरमहा भागवावी लागते. हे अर्थशास्त्र दादांना कुणी शिकवलं, देव जाणे.

घाटकोपरच्या एका काकांनी एकदा त्यांना खिंडीत गाठायचा प्रयत्न केला. 'मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून भाजीचा कचरा आणि पालापाचोळा यांवर बाग फुलवली,' असं त्यांनी सविस्तर लिहिलं आणि शेवटी, 'तुमच्या विटा हव्यात कशाला?' असं विचारलं. आता दादा काय बोलतात म्हणून ग्रुप श्वास रोखून बसला. उत्तर आलं, 'वा काका! लाखमोलाची माहिती. मी तर म्हणतो सगळ्यांनी हेच करावं.' पाठोपाठ दुसरा मेसेज: 'फक्त पाचोळा लवकर कुजायला कल्चर लागतं. आपल्याकडे आहे.' पहिली बाटली काकांनीच घेतली.

माल घरपोच मिळत नाही. दादा घाटकोपरला मेट्रोच्या जिन्याखाली उभे राहतात, पाठीवर सॅक, दोन्ही हातांत पिशव्या. त्या गर्दीतही ते तुमच्या हातात पुडा देऊन म्हणतात, 'आधी मोगऱ्याची छाटणी करा, मग हे घाला. छाटणी नाही केली तर घेऊ नका, पैसे वाया जातील.' तेव्हा त्यांच्या नखांत माती दिसते, आणि आपली पंचाईत होते. कारण मोगरा खरा आहे. सल्लाही दहापैकी आठ वेळा खरा असतो. हा माणूस ठग असता तर किती सोपं झालं असतं!

मध्यंतरी ॲडमिनने त्यांना काढून टाकलं. पुढचे पंधरा दिवस ग्रुपवर सुप्रभात, सूर्यास्त आणि हळदीचे अकरा फायदे एवढंच. जास्वंदीचे फोटो येत राहिले, रडके चेहरे वाढत गेले आणि रात्री पावणेअकराला कुणीच उठेना. सोळाव्या दिवशी 'सभासदांच्या आग्रहास्तव' दादा परत आले. आल्या आल्या त्यांनी नियम चौथा सगळ्यांना पुन्हा वाचून दाखवला.

परवा त्यांचाच नंबर मला पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर दिसला. रविवारी पहाटे भांडुप पंपिंग स्टेशनला दुर्बिणी घेऊन जाणारी ही मंडळी. दादांनी आधी खाडीतल्या फ्लेमिंगोंचा फोटो टाकला, 'निसर्गाची किमया!' असं लिहून. लोकांनी हात जोडले. मग दहा मिनिटांनी निरागस प्रश्न आला: 'कुणाच्या गॅलरीत कबुतरं येतात का?'

पक्षीनिरीक्षक सगळ्या पक्ष्यांवर जीव टाकतो, एक सोडून. पहिलं उत्तर ॲडमिनचंच आलं: 'मुलुंड पश्चिम, तीन खिडक्या. जाळी लावायला माणूस कधी पाठवता?'