बिनपगारी, फुल कर्मचारी

सेवानिवृत्तीनंतर माणसानं दुसरी नोकरी धरू नये, असं माझं ठाम मत होतं. पण मुलं-भाचरं मला अधूनमधून कुठल्या ना कुठल्या बर्गर-पिझ्झावाल्या साखळी हॉटेलात नेतात आणि तिथे मी नोकरीच करतो. ऑर्डर मीच घेतो, म्हणजे स्वतःचीच. टोकनचा नंबर लागला की पळत जाऊन ट्रे आणतो. केचपच्या पुड्या, टिश्यू, स्ट्रॉ गोळा करतो. खाऊन झालं की कागद-डबे कचऱ्याच्या पेटीत लोटून ट्रे रचून ठेवतो. घरी पोचायच्या आत मोबाइलवर पृच्छा येते, ‘आजचा अनुभव कसा वाटला?’ म्हणजे गोपनीय अहवालही मीच भरायचा. पगाराचं तेवढं कुणी बोलत नाही. उलट जाताना मीच पैसे मोजून बाहेर पडतो.

या सगळ्याची सुरुवात 1948 साली कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो गावात झाली. रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनल्ड या भावांचं तिथे उत्तम चाललेलं हॉटेल होतं. गिऱ्हाईक मोटारीत बसून राही आणि मुली मोटारीपर्यंत खाणं नेऊन देत. भावांनी हॉटेल काही महिने बंद ठेवलं, त्या मुलींना कमी केलं, बश्या आणि काटे-चमचे हद्दपार केले, पदार्थ मोजकेच ठेवले आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, खिडकीपाशी या आणि आपलं आपण घेऊन जा. हॅम्बर्गर 15 सेंटला. स्वयंपाकघरात कुणी कुठे उभं राहायचं, याचा नकाशा त्यांनी पुढे टेनिस कोर्टावर खडूनं आखून पाहिला. लोक आधी कुरकुरले, मग रांगा लागल्या. धंद्याच्या इतिहासात याला क्रांती म्हणतात. माझ्या मते ती सरळसरळ नोकरभरती होती. त्या मुलींच्या रिकाम्या जागा पुढे जगभर भरल्या गेल्या. ठाण्याच्या जागेवर माझी नेमणूक झाली.

आपल्याकडे ही भरती जोरात निघाली ती 1996 मध्ये. जानेवारीत डॉमिनोज दिल्लीत आलं, जूनमध्ये पिझ्झा हट बेंगळुरूत, ऑक्टोबरात मॅकडोनल्ड्स दिल्लीत आणि लगोलग आपल्या वांद्र्याला. मॅकडोनल्ड्समध्ये बीफ नाही, पोर्क नाही, शाकाहारी-मांसाहारी स्वयंपाकाचे ओटे वेगळे, पुढे तर मेयोनीजसुद्धा बिनअंड्याचं. परदेशी जावयानं इतकं सोवळं पाळल्यावर सासुरवाडीनं तरी किती रुसायचं? त्याच सुमारास मीही अशाच एका चकचकीत ठिकाणी पहिल्यांदा गेलो, खिडकीजवळचं टेबल धरलं आणि वेटरची वाट पाहत बसलो. उडप्याकडे आपण बूड टेकायच्या आत पाण्याचे ग्लास आदळतात, ही माझी सवय. इथे कुणी आलं नाही. कुणी उठवलंही नाही. एसी झकास होता, माझा पेपर शब्दकोड्यासकट वाचून झाला. शेवटी एकदाचा टोपी घातलेला एक मुलगा माझ्याकडे आला. मी हुश्श करून पेपर घडी केला आणि विचारलं, ‘‘काय गरम आहे?’’

‘‘सर, जरा पाय वर घ्या,’’ तो म्हणाला. त्याच्या हातात फडकं होतं.

तिथपासून माझी प्रगती बेताचीच आहे. आता तर काउंटरवर बोलायचीही सोय राहिली नाही, पुरुषभर उंचीची यंत्रं उभी केली आहेत. पडद्यावर बर्गरला बोट लावलं की यंत्र विचारतं, मील करू का? मोठं करू का? वर चीज? गोड काही? मला माणसांना ‘नाही’ म्हणता येत नाही, हे बायकोला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. यंत्रालाही म्हणता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. समोरचा इतक्या अगत्यानं विचारतोय, त्याला तोंडावर कसं नाही म्हणायचं? दोघांच्या खाण्याबरोबर घागरभर कोला आणि कुणीही न मागितलेलं आइस्क्रीम जमा झालं. त्यातून मी चष्मा शोधत होतो, तेवढ्यात पडद्यावर प्रश्न उमटला, ‘आपण अजून आहात का?’ हा प्रश्न मला एरवी नोव्हेंबरात पेन्शनवाले विचारतात. मी खिशातून आधार कार्ड काढेपर्यंत यंत्रानं सगळी ऑर्डर पुसून टाकली.

मेनूवरच्या आकड्यांचीही एक गंमत आहे. 10 किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या साखळ्यांनी प्रत्येक पदार्थासमोर त्याचे उष्मांक छापावेत, असा अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचा नियम 2022 मध्ये लागू झाला. नियम चांगला आहे. मात्र मी काटकसरी माणूस. सर्वांत लहान आकडा बघून मी मोठ्या समाधानानं एक पदार्थ मागवला आणि शंभराच्या नोटा मोजून हातात धरल्या. मी किंमत वाचलीच नव्हती, उष्मांक वाचले होते. आलेला पदार्थ हा पालापाचोळा होता आणि त्याची किंमत मेनूत सगळ्यांत वरची होती.

सँडविचच्या एका साखळीत तर तोंडी परीक्षाच असते. काचेपलीकडे हातमोजे घातलेला मुलगा, अलीकडे आपण, मागे खोळंबलेली रांग. ‘‘ब्रेड कुठला, सर?’’ पावाचे प्रकार मला ठाऊक होते : लादी, ब्रून आणि स्लाइस. त्यानं जी नावं घेतली त्यांत यातलं एकही नव्हतं. ‘‘टोस्ट करू? चीज कुठलं? भाज्या कुठल्या? सॉस?’’ शेवटी मी घायकुतीला येऊन म्हटलं, ‘‘बाबा रे, तू स्वतः जे खातोस ते दे.’’

‘‘मी घरून डबा आणतो, सर.’’

त्या पोराबद्दल माझ्या मनात अजून आदर आहे.

पण हे सगळं किरकोळ. झेंड्याचं प्रकरण मात्र सविस्तर सांगायला हवं. टेबलाच्या मध्यभागी शेगडी बसवलेली असते, अशा एका जातीची हॉटेलं आता मोठ्या शहरांत सगळीकडे आहेत. ठरावीक पैसे भरायचे आणि पोट म्हणेल तोवर खायचं. पनीर, मश्रूम, कोळंबी, अननस असं काय काय सळईवर टोचून वाढपी आणत राहतात. टेबलावर एक चिमुकला झेंडा असतो. तो उभा असेपर्यंत सळया येत राहणार. पुरे झालं की झेंडा आडवा करायचा. ही घटना भाचीनं सगळ्यांना समजावून सांगितली, तेव्हा मी हात धुवायला गेलो होतो.

परत येऊन बसलो, खाणं सुरू झालं. थोड्या वेळानं पाहतो तर झेंडा आडवा पडलेला. माझी उभी हयात सरकारी कचेरीत गेली. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीची व्यवस्था वर्षानुवर्षं माझ्याकडे असायची. झेंडा कुठलाही असो, पडलेला मला बघवत नाही. मी तो उभा केला. सळया आल्या. बायकोनं हातातली सळई टाकून झेंडा पाडला, तिला वाटलं वाढप्याचा धक्का लागला असणार. ती मान वळवून भाचीशी बोलायला लागली, तेवढ्यात मी पुन्हा उभा केला. पुन्हा सळया. जावई घामाघूम झाले. ‘‘हे लोक ऐकतच नाहीत,’’ असं म्हणत त्यांनी झेंडा पाडून त्यावर टिश्यू ठेवला. मला ते फारच अपमानास्पद वाटलं. मी टिश्यू दूर केला, दांडा पुसला आणि झेंडा पुन्हा सरळ लावला. वाढपी माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते, तिला मी त्या वेळी आदर समजत होतो.

त्यात भाचीनं बुकिंग करताना माझा वाढदिवस असल्याची थाप मारली होती, का तर केक फुकट मिळतो. दिवे मंद झाले, थाळ्या बडवत अख्खा कर्मचारीवर्ग आमच्या टेबलाभोवती गोळा झाला आणि सगळे उभ्यानं गाऊ लागले. समोर झेंडा, भोवती उभी माणसं, समूहगान. माझं शरीर माझ्या आधी उठलं. गाणं संपेपर्यंत मी सावधानमध्ये उभा होतो. त्याची चित्रफीत आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर आहे आणि दर गणेशोत्सवात ती नव्या पाहुण्यांना दाखवली जाते. मुख्य जेवणाकडे आमच्यापैकी कुणीही त्या दिवशी पोचू शकलं नाही. बिर्याणी लांबूनच पाहिली.

इतकं होऊनही मी या हॉटेलांच्या विरुद्ध नाही. चवीबद्दल म्हणाल तर ठाण्यात नि नागपुरात एकच बर्गर एकाच चवीचा मिळतो, हे मला गुण म्हणून सांगितलं जातं. मिसळीबद्दल असं कुणी सांगितलं तर कोल्हापूर-नाशिक-पुण्यात दंगल होईल. पण उडप्याकडे कॉफी संपली की फडकंवाला आपल्या डोक्याशी येऊन उभा राहतो, तसं इथे होत नाही. पोरं एका कोल्ड कॉफीवर अख्खा अभ्यासक्रम संपवतात. आणि या साखळ्यांचे महाराष्ट्रावर खरे उपकार कुठले असतील, तर ते स्वच्छतागृहाचे. प्रवासात माझी बायको, बहीण, सून कुणीही बर्गरसाठी गाडी थांबवायला सांगत नाही. थांबवतात ती त्यासाठी. मग मोकळ्या हातानं बाहेर पडायला लाज वाटते म्हणून मी काहीतरी विकत घेतो, आणि यंत्र विचारतं, मोठं करू का?

आमच्या घरात या नोकरीतून सुटलेली व्यक्ती एकच, माझी आई. वय ऐंशीच्या पुढे. नातवाच्या निकालाची पार्टी नेमकी संकष्टीला आली. आईनं फलकाकडे एक नजर टाकली आणि फ्रेंच फ्राइजवर बोट ठेवलं. ‘‘बटाटा आणि मीठ. चालतं.’’ मग काउंटरवरच्या मुलाला तिनं विचारलं, ‘‘बाळ, या तेलात आणखी काय काय तळता?’’ मुलानं सुपरवायझरला बोलावलं, सुपरवायझरनं टायवाल्या मॅनेजरला. मॅनेजरनं आत जाऊन खात्री केली आणि बटाट्याची कढई वेगळी असल्याचं हात जोडून सांगितलं. ‘‘आजी, तुम्ही बसा, मी आणून देतो.’’ त्यानं खरंच टेबलावर आणून दिलं, वर न मागता पाण्याचा ग्लास. मी त्याच वेळी टोकन हातात धरून रांगेत उभा होतो. निघताना आईनं ट्रेला हात लावला नाही. ‘‘ठेव तिथेच, त्यांची माणसं आहेत,’’ म्हणाली. मी तो उचलून ठेवला.

राहता राहिलं बिल. त्या झेंड्याच्या हॉटेलात खाण्याच्या पैशांवर 5 टक्के जीएसटी होता. तो सरकारचा, त्याबद्दल मी निवृत्त असलो तरी बोलणार नाही. पण त्याच बिलात ‘सेवा शुल्क’ अशीही एक ओळ होती. झेंडा फडकवला मी, सावधान उभा राहिलो मी, आणि शुल्कही मीच द्यायचं! ते मी मुकाट्यानं दिलं. तुम्ही देऊ नका. जुलै 2022 च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या सूचनांप्रमाणे सेवा शुल्क बिलात आपोआप लावता येत नाही आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं या सूचना उचलून धरल्या. ती ओळ काढायला सांगा, नाही ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. मला स्वतःला अजून तोंड उघडायचा धीर होत नाही. आम्ही आईला पाठवतो.