थंडीत चालू न होणारी मारुती ८०० : निदान व उपचार

कार्बोरेटरची मारुती ८०० थंडीत सकाळी चालू होत नाही, आणि झालीच तर उभ्या जागी झटके मारते. हे दोन वेगळे विकार आहेत. पण बहुधा एकाच गाडीत आणि एकाच सकाळी, लग्नाला निघायच्या वेळी आढळतात. ही गाडी १९८३ साली रस्त्यावर आली. तिच्या कार्बोरेटरची जागा इंजेक्शनने घेतली त्यालाही आता पाव शतक होत आले, तेव्हा रुग्णाचे वय विचारण्यात अर्थ नाही. बीड जिल्ह्यात रोगाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. बालाघाटाच्या माथ्यावरच्या गावांत तो अधिक तीव्र असतो.

निदानाची सुरुवात कानाने करावी. किल्ली फिरवल्यावर नुसते ‘खट्’ झाले किंवा ‘घर्र… घर्र… घ’ होऊन सगळे शांत झाले, तर दोष बॅटरीचा किंवा तिच्या टर्मिनलचा असतो. हेडलाइट लावून सेल्फ मारावा. दिवे मान टाकत असतील तर शंका उरत नाही. टर्मिनलवर हिरवट-पांढरी खपली धरलेली असते. गरम पाणी ओतून ती ब्रशने घासावी. त्यासाठी घरातला दात घासायचा ब्रश घेतला असेल, तर तो परत जागेवर ठेवू नये.

सेल्फ जोमात फिरतो आणि गाडी तरीही पेट घेत नाही, अशा वेळी प्रश्न दोनच उरतात : पेट्रोल येते का, आणि ठिणगी पडते का. या टप्प्यापर्यंत किमान चार माणसे जमलेली असतात. त्यांपैकी एकाकडेही मोटार नसते, पण त्याने निदानाला बाधा येत नाही. “काका, चोक वढला का?” हा पहिला प्रश्न असतो आणि तो बरोबरही असतो. पेट्रोल पातळ अवस्थेत जळत नाही, त्याची वाफ जळते. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे आदर्श प्रमाण. परंतु गारठ्यात पेट्रोलचा हलका अंशच तेवढा वाफ होतो आणि उरलेले नळीच्या भिंतीला चिकटून बसते. चोक हवेची वाट अडवतो आणि तोट्याची भरपाई जास्तीच्या पेट्रोलने करतो. इंजिन तापले की तो परत ढकलायचा असतो. मांजरसुंब्याचा घाट चढून झाल्यावर चोक ओढलेलाच आहे हे ज्याच्या ध्यानात येते, त्याने दुसऱ्या दिवशीच्या रोगाची पेरणी आदल्या दिवशीच केलेली असते.

याच्या उलट, चोक ओढून वर दहा वेळा रेस दिली की गाडी ‘ओव्हर’ होते. पेट्रोलचा वास वाड्याच्या पायरीपर्यंत येतो. चोक आत ढकलून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा. विडीवाल्या सल्लागारास दहा पावले दूर उभे करावे. तरीही न जमल्यास प्लग काढावेत. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओला तेलकट काळा थर म्हणजे रिंगा झिजल्या, पांढरा फटक म्हणजे पेट्रोल कमी. दुधाच्या चहाचा रंग असेल तर प्लग निरोगी आहे आणि शोध अन्यत्र घ्यावा. टोकांमधली फट साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर हवी. ती फिलर गेजने मोजतात. बीडमध्ये लग्नपत्रिकेनेही मोजतात, आणि पत्रिकेची जाडी यजमानाच्या ऐपतीवर ठरते.

पेट्रोलबद्दल थोडे अधिक. दसऱ्यानंतर या जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे जातात. तोडलेल्या उसाची साखर होते, मळीचे इथेनॉल होते आणि पेट्रोलमध्ये मिसळून पंपावरून टाकीत येते. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. शिवाय ते पाणी शोषते आणि जुन्या रबरी नळ्या फुगवते. महिनाभर उभ्या राहिलेल्या जुन्या गाडीला हे मानवत नाही. ज्यांनी ऊस तोडला त्यांच्याच गावात गाडी त्या उसापायी अडावी, याची नोंद गाडीच्या पुस्तिकेत नाही.

धक्का स्टार्ट हा उपचार आहे, निदान नव्हे. किल्ली चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. गाडीने वेग घेतला की क्लच झटकन सोडायचा. जाणकार माणूस रात्रीच गाडी उताराकडे तोंड करून लावतो. ढकलणाऱ्यांना चहा द्यावा लागतो. गाडी चालू न झाल्यासही.

आता झटक्यांविषयी. तीन सिलिंडरचे इंजिन मुळातच थोडे थरथरते, त्याला रोग समजू नये. आरसा हलतो तोवर ठीक. आरशातला माणूस ओळखू येईनासा झाला तर मात्र मिसिंग आहे. चालू इंजिनावर एकेका प्लगची वायर रबरी मुठीच्या पकडीने सोडवावी. जी सोडवल्यावर काहीच फरक पडत नाही, तिचा सिलिंडर आधीपासूनच रजेवर असतो. तिन्ही कामावर असतील तर कार्बोरेटरखालचे पॅकिंग कुठे हवा ओढते का ते पाहावे, आणि स्लो जेट हवेच्या दाबाने साफ करावा. त्यात तार घालू नये. भोक मोठे झाले की खर्चही मोठा होतो. स्लो स्पीडचा स्क्रू पिळून आवाज वाढवण्याचा उपाय जमलेल्यांपैकी कोणीतरी आपण होऊन करतोच. आजाऱ्याला पळवत ठेवून त्याला ठणठणीत म्हणण्याचा हा प्रकार आहे.

एवढे करून भागले नाही तर कॉम्प्रेशन तपासावे. कमी भरल्यास प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे : वाढले तर रिंगा, न वाढल्यास व्हॉल्व्ह. दोन्हींत इंजिन काम निघते आणि गाडी गॅरेजपर्यंत ओढून न्यावी लागते. ओढायला ट्रॅक्टर हवा. तो गाळपाच्या हंगामात उसावर गेलेला असतो आणि मार्चअखेरीपर्यंत मोकळा होत नाही. तेव्हा भर दुपारी दोराची गाठ मारण्याआधी कोणीतरी सहज किल्ली फिरवतो आणि गाडी पहिल्याच सेल्फला चालू होते.