मतदार प्रेक्षक: सातारा आणि सांगली शाखा

मालिका पाहणे आणि मालिकेवर मत देणे या दोन स्वतंत्र विद्या असून सातारा-सांगली पट्ट्यात दुसरीने पहिलीला केव्हाच मागे टाकले आहे. पहिलीला टीव्ही लागतो. दुसरीला मोबाइल पुरतो. मालिका पाहिलेली असावी अशीही अट नाही.

सातारा शाखा भरभराटीला आली ती २०१७ साली, झी मराठीवर ‘लागिरं झालं जी’ सुरू झाली तेव्हा. नायक फौजी, मुलूख साताऱ्याचा. ज्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचे गाव आहे, तिथे फौजीची भूमिका करणे म्हणजे परीक्षकाच्याच घरी बसून पेपर लिहिणे. टोपीचा कोन, सलामी, रजेचे दिवस, सगळे निवृत्त सुभेदारांपासून भरतीला पळणाऱ्या पोरांपर्यंत प्रत्येकाने तपासले. नायक-नायिका अज्या-शीतलीचे लग्न लवकर लावा, एवढ्यावरच काय ते एकमत झाले. बोलीवर मात्र कधीच नाही. कऱ्हाडकराच्या मते ती फलटणकडची, फलटणकराच्या मते मुंबईत शिकवलेली. वाईकर या वादात पडत नाही. ‘स्वदेस’ चित्रपटाचे चित्रीकरण मेणवलीला झाले तेव्हापासून तो कॅमेऱ्याला सरावला आहे.

२०१९ साली साताऱ्याचे अभिजित बिचुकले ‘बिग बॉस मराठी’च्या दुसऱ्या पर्वात गेले आणि शाखेत फूट पडली. परगावचा माणूस त्यांना हसला की साताऱ्याचा अपमान. घरचाच हसला की ‘आपला काय संबंध?’ एकच माणूस दोन्ही मते एकाच संध्याकाळी, वेगवेगळ्या ग्रुपवर, सारख्याच तळमळीने मांडत असे.

सांगली शाखा वयाने ज्येष्ठ आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ नाटक केले, आणि तेव्हापासून अभिनयावरचा शेवटचा शब्द याच गावाचा, अशी तिची धारणा आहे. मुंबईच्या नटीने डोळे वटारले की सांगलीकर सनावळी काढतो. त्यावर कोणी हुज्जत घातलीच, तर बालगंधर्वांचे नागठाणे याच जिल्ह्यातले, ही राखीव फळी असते. वाद घालणाऱ्याने शेवटचे नाटक तिकीट काढून कधी पाहिले, हे विचारणे असभ्य समजतात.

दोन्ही शाखा एकत्र आल्या त्या ‘देवमाणूस’वर. वाईजवळच्या, २०१६ मध्ये उघडकीला आलेल्या हत्याकांडावर बेतलेली ही मालिका २०२० साली आली. खलनायक डॉक्टर साकारणारे किरण गायकवाड ‘लागिरं’मध्ये खलपात्र भैय्यासाहेब होते, म्हणून ‘आमचा तेव्हापासूनच संशय होता’ असे सांगणारे असंख्य निघाले. मालिकेतल्या पोलिसांपेक्षा त्यांचा तपास खूपच पुढे होता. त्याच ग्रुपवर रोज एक मागणी असे: डॉक्टरला पकडा, नाहीतर मालिका बंद करा.

ही मागणी टीव्ही चालू ठेवून केली जाते, इथेच घोटाळा आहे. टीआरपीचे मीटर टीव्ही कोणत्या वाहिनीवर चालू आहे ते टिपते, पाहणारा शिव्या देतो की ओव्या गातो याची नोंद घेत नाही. ‘देवमाणूस’ ऑगस्ट २०२१ मध्ये संपली. दुसरा भाग त्याच डिसेंबरात आला, तिसरा जून २०२५ मध्ये.