पडेल व्हतं ना!

नंदुरबारच्या पथाऱ्यांवर मिरची वाळू लागली की गावातल्या कॉम्प्युटरांनाही तिचा वाटा मिळतो. पंख्यातली धूळ ब्लोअरने उडवली की दुकानदार, गिऱ्हाईक आणि बाहेर उभा रिक्षावाला एका सुरात खोकतात. खोकत नाहीत ते फक्त भाऊ. असे भाऊ शहाद्यात आहेत, तळोद्यात आहेत. नवापूरच्या अर्ध्या महाराष्ट्रातल्या, अर्ध्या गुजरातेतल्या स्टेशनाजवळही एखादे असणारच. बंद झाकण त्यांना बघवत नाही आणि निकामी वस्तू फेकवत नाही. कुठलीही चीज कुठून आणली म्हणून विचारा, अहिराणीतलं उत्तर ठरलेलं: "घरमा पडेल व्हतं ना!"

ऐन लग्नसराईत, पारा चाळिशीपार गेलेला असताना, मिक्सिंगवाल्याच्या ग्राफिक्स कार्डाचा पंखा बसला. वरमाला घालताना नवरदेवाच्या तोंडावर हिरवे चौकोन उमटू लागले. मालक सुरतेची गाडी पकडायच्या बेतात होता, तेवढ्यात भाऊंनी कार्डाचा मूळ कूलर उपटला. आता त्यावर बसवणार काय? प्रोसेसरचा गोल हिटसिंक. पडेल व्हता.

हसू नका, हिशेब पक्का होता. त्या कार्डाला वेगळी वीजवायर नव्हती, म्हणजे स्लॉटमधून मिळणाऱ्या 75 वॅटच्या वर ते जाऊच शकत नव्हतं. त्यातलेही काही मेमरीच खाणार. हिटसिंक होता 65 वॅटच्या कोअर टू ड्युओचा. अडलं ते भोकांवर. 775 सॉकेटच्या मदरबोर्डावर ती एकमेकांपासून 72 मिलिमीटरवर असतात, कार्डावर बरीच जवळ. भाऊंनी हिटसिंकचे प्लास्टिकचे पाय करवतीने उडवले आणि केबल टायने तो कार्डाला बांधून टाकला. मेमरीच्या चिपा उघड्या पडल्या, तर जुन्या कूलरचेच तुकडे कापून त्यांवर चिकटवले. पंख्याची पिन कार्डाच्या बारीक सॉकेटात जाईना, म्हणून थेट पॉवर सप्लायचे 12 व्होल्ट दिले. तेव्हापासून तो विहिरीवरच्या मोटारीसारखा एकाच दमात ओरडतोय.

मधे लावायची थर्मल पेस्ट तेवढी नव्हती. टूथपेस्ट पडेल व्हती.

पहिल्या दिवशी कार्ड बर्फासारखं गार! मग टूथपेस्ट वाळली आणि मंगलाष्टकांत हिरवे चौकोन परतले. भाऊंनी खरी पेस्ट विकत आणली, पण खिशातून नोट काढतानाचा त्यांचा चेहरा सासरी निघालेल्या नवरीपेक्षा रडवेला होता. प्रोसेसरच्या डोक्यावर धातूचं टोपण असतं, ग्राफिक्सच्या चिपचं सिलिकॉन बहुधा उघडंच. एका बाजूचा टाय जास्त आवळला तर कोपऱ्याचा टवका उडतो. असा टवका उडालेली एक चिप भाऊंच्या किल्ल्यांना लटकते. वाया कशाला घालवायची?

कुणी "कंपनीचं ते कंपनीचं" म्हणालं की भाऊ 2008 सालात शिरतात. त्या जुलैत एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या सदोष चिपांपोटी 15 ते 20 कोटी डॉलर बाजूला काढल्याचं जाहीर केलं होतं. हा आकडा भाऊ अशा थाटात सांगतात, जणू ती रक्कम त्यांच्याच सल्ल्याने वाचली असती.

आता नाइलाजाने एक गोष्ट त्यांच्या पदरात टाकायला हवी. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा गल्लीतल्या पोरांच्या टेबलांवर जे कॉम्प्युटर आले ते याच अडगळीतून. एकालाही झाकण नव्हतं. हिटसिंक बाहेर येतो, झाकण बसणार कसं? कुणी पैशांचं विचारलं की भाऊ खेकसायचे, "पडेल व्हतं, त्याचे काय पैसे?" त्या माणसाच्या घरात खरंच एवढं पडलेलं होतं की काही निमूट विकत आणलेलं होतं, हे बायकोला ठाऊक. ती बोलत नाही.

हल्ली पोरं नवे लॅपटॉप घेऊन येतात. रॅम बोर्डालाच डाग देऊन जोडलेली, स्क्रू रबराच्या पायांखाली दडवलेले. एका गेमवाल्याने 4090 कार्ड दाखवलं: 450 वॅट, आणि त्याचा कूलर भाऊंच्या अख्ख्या हिटसिंकांच्या पेटीला भारी. भाऊंनी ते दोन्ही हातांनी उचललं, उलटंपालटं केलं आणि काही न बोलता परत दिलं. पेटी हल्ली पलंगाखाली असते. भंगारवाला दर महिन्याला दारात उभा राहून अॅल्युमिनियमचा भाव वाढवून सांगतो. भाऊ घासाघीस ऐकून घेतात, मान हलवतात आणि त्याच्याच हातगाडीवरून एक पंखा उचलून घरात नेतात.