नव्या इंजिनाचे संगोपन: काही शास्त्रोक्त सूचना

दसऱ्याच्या मुहूर्तावर शोरूममधून गाडी काढताना चाकांखाली लिंबे ठेवतात. ती चिरडण्याच्या नादात मालक भसकन क्लच सोडतो, गाडी दोन हिसके देते आणि बंद पडते. घाबरू नये. नातेवाईक तरीही टाळ्या वाजवतात.

इथून पुढचे साधारण हजार किलोमीटर जपायचे. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यातच एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा मारलेल्या असतात. त्यांत ऑइल धरून राहते आणि पिस्टनच्या रिंगा त्या भिंतीवर घासत आपली जागा करून घेतात. दोघांचे नीट जमले की कॉम्प्रेशन टिकते, ऑइल कमी जळते. नवे लग्नच ते. आणि लग्न म्हटले की सल्लागार आले.

अग्रमान थोरल्या काकांचा. त्यांनी प्रीमियर पद्मिनी वापरलेली असल्यामुळे ‘चाळीसच्या वर न्यायची नाही’ असा हुकूम सुटतो. तो पाळावा, पण चाळीसच्या वेगाला पाचवा गिअर टाकून गाडी रखडवू नये. इंजिन कण्हायला लागले की गुमान खालचा गिअर टाकावा. काकांना तो आवाज खपत नसेल तर त्यांच्या बाजूची काच उघडावी, बाहेर त्याहून जास्त गोंगाट असतो.

मेव्हण्याचे मत नेमके उलटे: ‘सुरुवातीलाच पिळून काढ, जन्मभर पिकअप मिळेल.’ हजार किलोमीटर होईपर्यंत त्याला किल्ली देऊ नये. सबब काहीही चालेल. वडील मात्र आंघोळीपूर्वी गाडी सुरू करून ठेवतात आणि पूजा आटोपून येतात. आजच्या इंजिनाला अर्धा मिनिट पुरतो. मग बेताने चालवतच ते तापवावे.

एकच वेग तासभर धरून ठेवणेही वर्ज्य. म्हणजे पुण्याहून मुंबईला एक्स्प्रेस-वेने ऐंशीचा काटा न हलवता जाण्यापेक्षा जुन्या रस्त्याने जावे. वडगाव, कामशेत, लोणावळा लागते, वेग आपोआप कमीजास्त होतो. शहरातल्या शहरात तर आडवी येणारी दुचाकी हे काम फुकट करते.

पहिले दर्शन कोल्हापूरच्या अंबाबाईचे ठरले असल्यास जरा थांबावे. दोन मावश्या, त्यांचे यजमान, डिकीत तांदळाचे पोते आणि समोर खंबाटकीचा चढ, एवढे नव्या इंजिनावर लादू नये. चतुःशृंगी जवळ आहे. देवी तीही आहे. ब्रेकसुद्धा नवे असतात, त्यांनाही सुरुवातीचे काही दिवस करकचून दाबू नये.

पहिली सर्व्हिसिंग बऱ्याच गाड्यांना हजार किलोमीटर किंवा एक महिना, जे आधी होईल तेव्हा असते. आपल्या गाडीचा नेमका आकडा माहितीपुस्तिकेत छापलेला आहे. ती डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत पडून आहे. सीटांवरचे प्लास्टिक खुशाल पाच वर्षे जपा, ही पिशवी मात्र आजच फाडा.