साडेतीन टक्क्यांचे नाना

ठाण्याच्या आमच्या सोसायटीत नानांची ओळख 'शाईच्या पेनांचे नाना' अशी करून देतात. ती अपुरी आहे. पेनं हे निमित्त. नानांचा खरा छंद साडेतीन टक्के वाचवण्याचा.

परदेशी दुकानातून कार्डावर काही घेतलं की बँक चलनबदलाचा मार्कअप लावते. बऱ्याच कार्डांवर तो साडेतीन टक्के असतो. "आणि त्या मार्कअपवर अठरा टक्के जीएसटी!" इथे नानांचं बोट वर जातं. "दहा हजारांच्या पेनावर किती झाले? चारशे तेरा!" हा आकडा ते दिवंगत नातेवाइकाचं नाव घ्यावं तशा आवाजात उच्चारतात.

नानांच्या राज्यात सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे परक्या साइटवर 'रुपयांत भरा' हे बटण दाबणं. आपला रुपया दिसला की माणूस विरघळतो; पण तिथला दर लावतो दुकानदार किंवा मधली कंपनी, आणि तो स्वतःचं पोट भरूनच लावतो. शिवाय विक्रेता परदेशी, म्हणून कित्येक बँका रुपयांतल्या या व्यवहारावरही वेगळा आकार घेतात. म्हणून पौंडाचं पौंडात, येनचं येनमध्ये. दुसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंनी मुलाचं खेळणं रुपयांत भरून मागवलं, हे कळल्यापासून लिफ्टमध्ये त्या भेटल्या की नाना नुसतं "असो" म्हणतात.

स्वतः नानांनी मुदत ठेव ठेवून शून्य मार्कअपचं कार्ड मिळवलंय. वार्षिक फी नाही, असं ऑफिसर तोंडी म्हणाला, तेव्हा नानांनी ते लिहून घेतलं. खाली सही, शिक्का. पेपालवर पैसे भरताना चलन त्यांनी बदलायचं की आपल्या कार्डाच्या बँकेने, हे निवडता येतं. ती जागा नाना येणाऱ्याजाणाऱ्याला, विचारलं नसताना, मोबाइलवर दाखवतात.

सकाळी चहा घेताना पेपर उघडायच्या आधी पौंडाचा भाव. वीस पैशांनी उतरला की लिव्हरपूलच्या डायमाइन शाईची एक बाटली. आता खरं म्हणजे कार्डाचा दर बटण दाबताना पक्का होत नाही. दुकानदाराकडून व्यवहार कार्ड कंपनीकडे पोचतो तेव्हाचा लागतो, कधी दुसऱ्या दिवशी, कधी त्याहून उशिरा. हे नानांना पक्कं ठाऊक आहे. "म्हणून काय भाव बघायचाच नाही?" असं ते विचारतात, आणि यावर मला तरी उत्तर सुचलेलं नाही.

एकदा चुकीची निब आली, ती परत पाठवली. दरम्यान रुपया घसरला होता, परतावा त्या दिवशीच्या दराने झाला आणि नव्वद रुपये जास्तच जमा झाले. नानांनी पाव किलो पेढे वाटले.

मार्कअप मुळातूनच टाळण्याचा मार्ग फ्रँकफर्टहून जातो. तिथे पुतण्या असतो. तो युरोत पेन घेतो आणि येताना घेऊन येतो. त्या आनंदात काकू त्याला भाजणी, मेतकूट, डिंकाचे लाडू आणि दोन किलो चिवडा बांधून देतात. परतताना त्याचं सामान वजनाला जास्त भरलं, तर विमानतळावर दंड नाना भरतात. वहीत यातलं काही नसतं. "तो घरखर्च," नाना म्हणतात. वहीत फक्त 'वाचले : ४१३'.

परवा जपानहून पार्सल आलं. पोस्टमनकाका कस्टम ड्यूटीची पावती घेऊन दारात उभे. आकडा चारशे तेराच्या कितीतरी पट. आता नाना पेटणार म्हणून काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. नानांनी निमूट पाकीट काढलं. "कर आहे तो. त्यात चलन कुठे बदललं?"

नोटा मोजून पुढे केल्या, पण सोडल्या नाहीत.

"रुपयांतलाच आकडा ना हा? वर काही नाही ना?"